जुन्या कोडवर स्टॅटिक अ‍ॅनालिसिस लावलं आणि हजारो इशारे आले. सुरुवात कुठून करावी?

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी,

कुडाळात आमचं पाच जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. आंबा बागायतदार, काजूचे कारखानदार आणि काही मच्छीमार सोसायट्या ही आमची गिऱ्हाइकं. ऑर्डरी, बिलं, गाडीभाडं, अडत, परत आलेल्या पेट्यांचा हिशेब, सगळं पीएचपी भाषेत लिहिलेल्या एकाच सिस्टिममध्ये. त्यातला बराचसा कोड आमच्या आधीच्या लोकांनी लिहिलाय आणि ते आता पुण्या-बंगळुरात आहेत. कमेंट्स जवळपास नाहीत, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) तर नाहीतच.

आंबा संपला, फोन कमी झाले, म्हणून या पावसाळ्यात पीएचपी ७.४ वरून ८ वर जायचं ठरवलं. ७.४ चे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झालेत, म्हणजे तसा उशीरच झालाय. तयारी म्हणून पीएचपीस्टॅन हे स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं टूल (कोड न चालवता, नुसता वाचून चुका शोधणारं) पाचव्या पातळीवर चालवलं, तर इशारे हजारोंनी आले. पातळी जितकी वरची, तितकी तपासणी कडक. 'व्हेरिएबल कदाचित डिफाइन झालेलं नाही', 'अशी मेथडच नाही', 'अट नेहमी खरी', एकाखाली एक नुसती रांग.

माझे पार्टनर म्हणतात, "चालतंय ना सगळं? मग हात लावू नको." मला ते पटत नाही. हा पैशाचा हिशेब करणारा कोड आहे. यातला एखादा इशारा खरा निघाला तर नुकसान बागायतदाराचं होणार, आमचं नाही. पण हजारो ठिकाणी हात घालायला आमच्याकडे माणसंही नाहीत.

जुन्या कोडवर हे कोणी केलंय का? सुरुवात कुठून केलीत? सगळं दुरुस्त केलंत की काही सोडून दिलंत?

धामापूरचो

पयली च्या घे. मगे पाचव्या पातळीवरसून शून्यार ये. शून्यार जे दिसतले ते खरेच मोडलेले असतत. बाकीचा नंतर बघूया.

मोती_तलाव

धामापूरचो +१, चहासकट.

कर्लीकाठ, मी सावंतवाडीतून पुण्याच्या कंपनीचं काम करते. जावा आणि पीएचपी, दोन्हीकडे हे झालंय. सगळे इशारे एका दमात दुरुस्त करायला जाऊ नका. टेस्ट नसलेल्या कोडमध्ये हजार ठिकाणी हात घातलात तर आज चालणाऱ्या गोष्टीही मोडतील आणि कशाने मोडल्या तेही कळणार नाही.

पीएचपीस्टॅनमध्ये बेसलाइनची सोय आहे ती वापरा. आज जेवढे इशारे आहेत तेवढे एका फाइलीत नोंदवून ठेवायचे. पुढच्या वेळी टूल त्यांच्याबद्दल गप्प बसतं आणि फक्त नव्याने आलेले इशारे दाखवतं. म्हणजे उद्यापासून लिहाल तो कोड स्वच्छ राहतो आणि जुना ढीग सवडीने कमी करता येतो. सोनारक्यूब या दुसऱ्या टूलची मूळ कल्पनाही हीच: गेट, म्हणजे पास-नापासची तपासणी, नव्या कोडवर लावायचं. त्यांच्या तयार नियमावलीत नव्या कोडची टेस्ट कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेल्या कोडचं प्रमाण) किमान ८० टक्के आणि डुप्लिकेट ओळी जास्तीत जास्त ३ टक्के अशी अट असते. जुन्या कोडला ते गेट अडवत नाही.

जुना_सीवाला

मोती_तलाव ताई, थोडा वेगळा सूर लावतो.

मी बरीच वर्षं गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सी भाषेत कोड लिहिला, आता गुहागरला असतो. बेसलाइनमध्ये नोंदवलेला इशारा पुन्हा कोणी उघडून पाहत नाही, हा माझा अनुभव. फाइल बनते, बिल्ड हिरवं होतं, सगळे खूश. आणि त्या ढिगात एखादी गोष्ट अशी असते की जी आजच दुरुस्त व्हायला हवी होती.

फेब्रुवारी २०१४ मधलं अ‍ॅपलचं प्रकरण आठवा. आयफोन आणि मॅक सुरक्षित कनेक्शन जोडताना समोरच्या सर्व्हरची सही तपासतात. त्या फंक्शनमध्ये 'चूक आढळली तर बाहेर पड' ही उडी मारणारी ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. पहिली ओळ इफच्या, म्हणजे अटीच्या, ताब्यात. दुसरी मोकळी, म्हणजे ती प्रत्येक वेळी चालणारच. त्यामुळे खाली सहीची खरी तपासणी होती तिथे कोड पोचतच नव्हता, आणि बाहेर पडताना निकाल 'सगळं ठीक' असाच जायचा. मधे बसलेल्या कोणालाही खोटा सर्व्हर उभा करता आला असता.

क्लँग या सी कंपायलरमध्ये (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) 'या ओळीपर्यंत कोड पोचत नाही' असा इशारा तेव्हाही होता. पण 'सगळे इशारे दाखव' या नावाच्या पर्यायात तो येत नाही, वेगळा चालू करावा लागतो. सापडण्यासारखी गोष्ट होती, पण बघायला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून म्हणतो, ढीग झाकण्याआधी एकदा तरी पूर्ण चाळा.

हर्णै_बंदर

दोघांचंही बरोबर आहे, पण मला मोती_तलाव यांचा मार्ग जास्त व्यवहारी वाटतो, आणि त्याला आधार आहे.

फेसबुकचं इन्फर नावाचं अ‍ॅनालायझर आहे, २०१५ पासून सगळ्यांसाठी खुलं. त्यांच्याच लोकांनी २०१९ मध्ये लेख लिहून अनुभव मांडलाय. आधी ते रात्री पूर्ण कोडवर टूल चालवायचे आणि इशाऱ्यांची यादी प्रोग्रामरांकडे पाठवायचे. दुरुस्तीचं प्रमाण जवळपास शून्य. मग त्यांनी तेच इशारे कोड रिव्ह्यूच्या वेळी (सहकारी नवा बदल तपासतात तेव्हा), बदललेल्या ओळीशेजारी दाखवायला सुरुवात केली. प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं. टूल तेच, माणसं तीच. इशारा कधी आणि कुठे दिसतो एवढंच बदललं.

कारण उघड आहे. जो कोड मी आत्ता लिहितोय तो पूर्ण डोक्यात असतो, इशारा आला की दोन मिनिटांत दुरुस्त होतो. तोच इशारा तीन वर्षांनी यादीत आला तर आधी तो कोड कशासाठी होता हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. आमच्याकडे होड्या वर ओढून ठेवल्यात. कोणी अख्खी होडी सुटी करून परत बांधत नाही. पाण्याखाली राहणाऱ्या फळ्या आधी बघतात, तिथलं भरून घेतात, वरचा रंग उरलेल्या दिवसांत. तसं करा. सीवाले काका म्हणतात ती चाळणी पाण्याखालच्या फळ्यांपुरती.

धामापूरचो

हर्णै, रंग पण लावूकच होयो हां. गिराईक रंगच बघता.

जुना_सीवाला

हर्णै, पटलं. पण पाण्याखालच्या फळ्या कोणत्या, हे कर्लीकाठना कोण सांगणार? त्यांचा मूळ प्रश्न तोच आहे.

मोती_तलाव

मी सांगते, निदान पीएचपीस्टॅनपुरतं.

त्याच्या पातळ्या शून्य ते दहा. शून्यावर नसलेले क्लास, नसलेली फंक्शन्स, चुकीच्या संख्येने दिलेले आर्ग्युमेंट्स. पहिलीवर कदाचित डिफाइन न झालेली व्हेरिएबल्स. चौथीवर मेलेला कोड आणि नेहमी खऱ्या किंवा नेहमी खोट्या ठरणाऱ्या अटी. सहावीवर टाइप (किंमत संख्या आहे की मजकूर, ते) लिहिलेले नसल्याच्या तक्रारी सुरू होतात आणि आकडा एकदम फुगतो. आठवीवर नल, म्हणजे जिथे किंमतच नाही.

पाचवीवरच्या ढिगातून शून्य, एक आणि चार एवढंच आधी वेगळं काढा. त्यातही 'अट नेहमी खरी' आणि 'अट नेहमी खोटी' हे इशारे सगळ्यात आधी वाचा. कोणी माणूस मुद्दाम नेहमी खरी ठरणारी अट लिहीत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात एक होतं आणि कागदावर दुसरंच उतरलं, याचा तो पुरावा असतो.

आणखी एक. कॉन्फिगमध्ये पीएचपीची आवृत्ती ८ सांगा, म्हणजे टूल ८ च्या नियमांनी कोड वाचेल. शिवाय स्ट्रिक्ट रूल्सचं वेगळं पॅकेज आहे, ते दोन बरोबर-चिन्हांच्या (==) ढिल्या, म्हणजे टाइप न बघता होणाऱ्या, तुलनांवर बोट ठेवतं. ७ मध्ये 0 आणि 'हापूस' यांची ढिली तुलना केली तर उत्तर 'समान' येतं. ८ मध्ये 'असमान'. तुमच्याकडे कुठे 0 म्हणजे 'सगळ्या जाती' असं धरलेलं असेल तर अपग्रेडच्या दिवशी यादी गुपचूप बदलेल. एररही येणार नाही.

कर्लीकाठ

ताई, 0 म्हणजे 'सगळ्या जाती' हे खरंच आहे आमच्याकडे! दोन ड्रॉपडाउनमध्ये तरी नक्की. सोमवारी बसतो. खूप आभार.

भाट्ये_बीच

मी रत्नागिरीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. कोड चालवलाच नाही तर त्यातली चूक टूलला कळते कशी? आणि कळत असेल तर सगळ्याच चुका का कळत नाहीत?

मांडवी_जेटी

बाळबोध अजिबात नाही, मी हाच विषय शिकवतो आणि पहिला तास याच प्रश्नावर जातो.

टूल कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड बनवतं. कुठली ओळ कुठून कुठे जाऊ शकते याचा नकाशा काढतं. मग प्रत्येक ठिकाणी व्हेरिएबलमध्ये काय काय असू शकेल याचा अंदाज बांधतं. नेमकी किंमत नाही, किमतींचा पट्टा: 'शून्य ते शंभरमधली संख्या', 'स्ट्रिंग किंवा नल', असं. पॅट्रिक आणि राधिया कूसो या दांपत्याने १९७७ मध्ये या पद्धतीचं गणित मांडलं. त्यांच्याच गटाच्या आस्त्रे या अ‍ॅनालायझरने २००३ मध्ये एअरबस ए३४० च्या मुख्य उड्डाण नियंत्रणाच्या १ लाख ३२ हजार ओळींच्या सी कोडमध्ये ओव्हरफ्लो, शून्याने भागणं असल्या रनटाइम चुका अजिबात नाहीत हे पूर्णपणे आपोआप सिद्ध केलं. ४ जून १९९६ ला आरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात गेलं ते ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबल्यामुळे. त्यानंतर युरोपात या विषयाला मोठा जोर आला.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयात आहे. कोणताही प्रोग्राम काय करतो याबद्दलचा अर्थपूर्ण प्रश्न विचारला, तर सगळ्या प्रोग्रामसाठी अचूक उत्तर देणारं एकच यंत्र बनूच शकत नाही. त्यामुळे टूल बनवणाऱ्याला निवड करावी लागते. एकही चूक सुटू द्यायची नाही असं ठरवलं तर खोटे इशारे वाढतात. खोटे इशारे कमी करायचे तर काही खऱ्या चुका निसटतात. रोजच्या वापरातली बहुतेक टूल दुसऱ्या बाजूला झुकलेली असतात, आणि ते योग्यच आहे. कव्हेरिटी या टूलच्या लोकांनी २०१० मध्ये लिहिलंय की खोटे इशारे ३० टक्क्यांच्या वर गेले की माणसं टूलकडे लक्ष द्यायचं सोडून देतात.

निसटण्याचं मोठं उदाहरण हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक, एप्रिल २०१४. समोरच्याने 'माझा मजकूर एवढा लांब आहे' असं सांगितलं, आणि ओपनएसएसएल या सुरक्षित कनेक्शनच्या लायब्ररीने न मोजता तेवढी मेमरी परत पाठवली, एका वेळी ६४ केबीपर्यंत. तेव्हाच्या टूलना ते दिसलं नव्हतं. बाहेरून आलेली लांबी अविश्वासू धरायची, हा नियम कव्हेरिटीत त्यानंतर घातला गेला.

भाट्ये_बीच

सर, आता समजलं. धन्यवाद. माझ्या प्रोजेक्टचा बराच कोड एआयने लिहून दिलाय, त्यावर लावून बघतो.

मांडवी_जेटी

जरूर लाव. आणि इशारा आला की तो परत एआयलाच दुरुस्त करायला देण्याआधी स्वतः वाच. तो का आला हे तुला सांगता आलं पाहिजे. तोंडी परीक्षेत मी तेवढंच विचारतो.

वाशिष्ठी

चिपळूणहून. धागा चांगला चाललाय, पण एका गोष्टीबद्दल कोणी बोललं नाही.

मी ज्या कंपनीत होते तिथे वरून आदेश आला: तिमाही संपेपर्यंत इशारे शून्य. आकडा डॅशबोर्डवर, टीमप्रमाणे. मग लोकांनी काय केलं? जिथे एक्सेप्शन (चालताना येणारी चूक) हाताळलेलं नव्हतं तिथे रिकामा कॅच (चूक पकडून काहीच न करणारा भाग) घातला, म्हणजे इशारा गेला आणि चूकही कायमची गिळली गेली. मोठी फंक्शन्स मधोमध कापून 'भाग एक', 'भाग दोन' केली, गुंतागुंतीचा आकडा खाली आला आणि वाचणं आणखी अवघड झालं. उरलेल्या ठिकाणी 'दुर्लक्ष कर' अशी कमेंट. तिमाही संपली, शून्य झालं, कोड आधीपेक्षा वाईट.

मला मनापासून राग आहे या प्रकाराचा. टूल प्रोग्रामरला मदत करायला असतं. त्याचा आकडा माणसांच्या मूल्यमापनाला जोडला की त्याच क्षणी लोक चूक सोडून आकड्याच्या मागे लागतात. कर्लीकाठ, तुमचं ऑफिस लहान आहे, तुमच्याकडे हे होणार नाही. पण पार्टनरना आकडा दाखवू नका, एखादी खरी चूक दाखवा.

जुना_सीवाला

वाशिष्ठी ताई, शंभर टक्के अनुमोदन. पण 'दुर्लक्ष कर' ही कमेंट मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही.

मिस्रा सी हा गाड्यांच्या कोडसाठीचा नियमसंच, पहिली आवृत्ती १९९८ ची. त्यात नियम मोडायची रीतसर सोय आहे. फक्त कुठला नियम, कुठे, कशासाठी मोडला आणि त्यामुळे धोका का नाही, हे लिहून ठेवावं लागतं आणि दुसऱ्या माणसाने ते मान्य करावं लागतं. हार्डवेअरच्या रजिस्टरला हात लावायचा तर पॉइंटरचे (मेमरीच्या पत्त्यांचे) काही नियम मोडावेच लागतात. कारण लिहिलेलं दुर्लक्ष हा एक निर्णय असतो, आणि तो पुढच्या माणसाला तपासता येतो.

वाशिष्ठी

मान्य. कारण लिहिलेलं असेल तर माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या माणसाने मान्य करायचं हे पाच जणांच्या ऑफिसात रोज जमेल असं वाटत नाही. तिथे कारण लिहिणं एवढं जरी झालं तरी खूप.

जुना_सीवाला

पाच जणांतच ते जमतं. खुर्ची वळवून विचारायचं. मोठ्या कंपनीत त्यासाठी मीटिंग लागते.

तारामुंबरी

मी प्रोग्रामर नाही. देवगडात आमची कलमं आहेत आणि अशाच एका सिस्टिमवर ऑर्डरी घेतो. धागा वाचतोय, निम्मं कळत नाही, पण एक विचारायचंय.

मागच्या हंगामात एका पेटीचा दर सहा डझनाला लागला, पेटी होती चार डझनाची, मोठं फळ. गिऱ्हाईक पुण्याचं, त्याने फोन करून चांगलंच सुनावलं. असली चूक तुमचं टूल पकडेल का? पकडत नसेल तर आम्हाला त्याचा उपयोग काय?

हर्णै_बंदर

काका, खरं सांगायचं तर ही चूक टूल पकडणार नाही. मोठ्या फळाची पेटी चार डझनाची आणि लहान फळाची सहा-सातची, हे त्याला कुठून ठाऊक? कोडच्या दृष्टीने सहा ही संख्या चारइतकीच बरोबर. त्यासाठी टेस्ट लिहावी लागते, आणि ती लिहिताना तुमच्यासारख्या माणसाशेजारी बसावं लागतं.

टूलचा उपयोग वेगळ्या ठिकाणी. पत्ता भरलेला नसताना बिल छापायला गेलात आणि स्क्रीन पांढरी झाली, हे ते आधी सांगू शकतं. फॉर्ममधून आलेला मजकूर न तपासता डेटाबेसच्या क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) गेला, हेही सांगू शकतं. तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते ज्या दारातून चोरीला जातात ते हेच दार.

मोती_तलाव

त्या दाराबद्दल थोडं. पीएचपीसाठी साम नावाचं टूल आहे, व्हिमिओने बनवलेलं. त्यात टेंट अ‍ॅनालिसिस आहे. ब्राउझरमधून आलेली प्रत्येक किंमत 'डागी' धरायची, ती फंक्शनांमधून कुठे कुठे फिरते ते बघायचं, आणि साफ न होता क्वेरीत किंवा पानावर पोचली की इशारा.

आमच्या भागात याची एक ओळखीची खूण आहे. वेंगुर्ला, सावंतवाडीकडची डी'सोझा, डी'मेलो ही नावं मधल्या चिन्हासकट शोधली आणि शोध एरर देऊन पडला, तर समजायचं की नाव सरळ क्वेरीत चिकटवलंय. त्या एका चिन्हाने क्वेरीतली स्ट्रिंग मधेच संपते. असं गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हा अनेक ठिकाणी 'चिन्ह न टाकता शोधा' असं सांगून बोळवण करतात. त्याच खिडकीतून चोर आत येतो. कर्लीकाठ, हे पीएचपीस्टॅनच्या यादीत येणार नाही, साम वेगळं चालवा.

धामापूरचो

माझ्या मावशीचा आडनाव डी'सोझा. बँकेत पण हीच कथा. आता माका कळला कित्याक.

वाशिष्ठी

थोडं अवांतर. हे सगळं तुम्ही कुठे चालवता? आमच्याकडे जून-जुलैत लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. क्लाउडवरच्या सीआयवर (प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणारी सोय) अवलंबून राहिलं तर दिवसभर काही मुख्य कोडात मर्ज होत नाही.

हर्णै_बंदर

ही टूल आपल्या मशीनवरच चालतात, नेट लागत नाही. कमिट करण्याआधी (बदल नोंदवण्याआधी) फक्त बदललेल्या फाइलींवर फॉर्मॅटिंग आणि सिंटॅक्स बघणारं हुक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, लावलंय. पूर्ण पीएचपीस्टॅन पुश करण्याआधी (बदल सर्व्हरवर पाठवण्याआधी). निकाल कॅशमध्ये राहतात, त्यामुळे दुसऱ्या वेळेपासून पटकन होतं. नेट आलं की सीआयवर तेच परत चालतं, कारण हुक कोणीही टाळू शकतो. सोनारक्यूबचा सर्व्हर मात्र जुन्या डेस्कटॉपवर बसवू नका, आत इलॅस्टिकसर्च हे शोधाचं इंजिन चालतं, मेमरी खातं. पाच जणांना त्याची गरजही नाही.

वाशिष्ठी

उपयोगी आहे, लावून बघते. आणि सगळ्यांना एक विनंती, कोडची एक प्रत गावाबाहेर ठेवाच. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा कित्येकांचे कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, हिशेबाच्या वह्या सगळं एकदमच गेलं.

मांडवी_जेटी

यावर वेगळा धागा हवा. काढा, आम्ही लिहू.

कर्लीकाठ

मंडळी, सोमवारपासून बसलो होतो. जे सापडलं ते सविस्तर सांगतो, कारण ते मला एकट्याला सापडलं नसतं.

मोती_तलाव ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी 'अट नेहमी खरी' एवढेच इशारे वेगळे काढले. बरेचसे निरुपद्रवी होते, आधी तपासलेलंच परत तपासलेलं. एक मात्र परत आलेल्या पेट्यांच्या वार्षिक रिपोर्टमध्ये होता. पेटी परत येण्याची कारणं दोन: फळ खराब, किंवा पोचायला उशीर. रिपोर्टमध्ये प्रत्येक पेटीचं कारण बघून ती त्या त्या रकान्यात मोजायची. इफच्या कंसात होतं:

$कारण = 'खराब'

बरोबरचं चिन्ह एकच. म्हणजे तुलना नाहीच, $कारण मध्ये 'खराब' भरलं जातंय आणि अट प्रत्येक वेळी खरी ठरतेय. परत आलेली प्रत्येक पेटी 'खराब' मध्ये. 'उशीर' चा रकाना कायम शून्य. खालचा एल्सचा भाग आजवर एकदाही चाललेला नाही.

कोणालाही शंका आली नाही, कारण रिपोर्ट दिसायला एकदम ठीक होता. बेरीज बरोबर जुळायची. आंबा परत आला म्हणजे खराब असणार, असंच बघणाऱ्याला वाटतं. नशिबाने ही चूक फक्त रिपोर्टमध्ये होती, टेबलमध्ये मूळ कारण जसंच्या तसं आहे. चिन्ह दुरुस्त करून मागच्या हंगामांचे रिपोर्ट परत काढले. परत आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पेट्या उशिरा पोचल्या म्हणून आल्या होत्या.

पार्टनरना तो रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवून दाखवला. आता तेच विचारतायत, बाकीचे इशारे कधी बघणार.

जुना_सीवाला

वा! बेरीज जुळते म्हणून कोणी खोलात जात नाही, असल्या चुका सगळ्यात जास्त काळ टिकतात. छान शोधलंत.

तारामुंबरी

कर्लीकाठ, माझी सिस्टिम तुमचीच आहे का ठाऊक नाही, पण माझ्या रिपोर्टात पण 'उशीर' कायम शून्यच असतो. मी दोन हंगाम फळ लवकर उतरवायला लावलं, तयार फळ वाटेत खराब होतंय असं समजून. पेंढा जास्त घातला, खोके बदलले. त्या खोक्यांना पैसे लागले आणि कोवळं फळ गेल्यामुळे चवीच्या तक्रारी आल्या त्या वेगळ्याच.

कर्लीकाठ

काका, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आमची असेल तर उद्याच तुमचा नवा रिपोर्ट काढून देतो. नसेल तरी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना नेमकं काय तपासायचं ते लिहून देतो.

मोती_तलाव

हे वाचून अंगावर काटा आला. एका चिन्हापायी दोन हंगाम कोवळं फळ.

भाट्ये_बीच

सर, ही अट मी माझ्या जावाच्या प्रोजेक्टमध्ये लिहिली असती तर?

मांडवी_जेटी

जावात इफच्या कंसात बूलियनच (खरं किंवा खोटं) लागतो, त्यामुळे स्ट्रिंग भरलीस तर कंपायलरच अडवतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र निसटेल, तिथे ईएसलिंट या टूलचा यासाठी खास नियम आहे आणि तो शिफारस केलेल्या संचात चालूच असतो. सी मध्येही निसटतं, पण आजचे कंपायलर इशारा देतात. भाषा जितकी सैल, तितकं टूलचं काम जास्त.

कर्लीकाठ

आम्ही असं ठरवलंय. शून्य, एक आणि चार या पातळ्यांवरचे सगळे इशारे हातानं बघायचे, पैशाला हात लावणाऱ्या फोल्डरपासून सुरुवात. सामचं टेंट अ‍ॅनालिसिस पूर्ण कोडवर, आणि त्यातलं काहीही बेसलाइनमध्ये घालायचं नाही. उरलेलं पाचव्या पातळीपर्यंतचं बेसलाइनमध्ये. ज्या फाइलीत काही कामासाठी जाऊ, तिथले दोन-चार जुने इशारे कमी करून यायचं. कारण न लिहिता 'दुर्लक्ष' नाही. पीएचपी ८ वर जाणं या सगळ्यानंतर, बहुतेक गणपतीनंतर.

एक शंका राहिली. बेसलाइनमध्ये एखाद्या फाइलीचा इशारा नोंदवलेला आहे आणि त्याच फाइलीत उद्या आमच्यातल्या कोणी नेमकी तशीच चूक नव्याने केली, तर ती झाकली जाईल का?

मोती_तलाव

नाही झाकली जाणार. बेसलाइनमध्ये इशाऱ्याचा मजकूर, फाइलीचा पत्ता आणि तो किती वेळा येतो ती संख्या, तिन्ही असतात. तीनदा नोंदवलेला इशारा चौथ्यांदा आला की टूल बोलतं. उलट तुम्ही एक दुरुस्त केलात आणि संख्या कमी झाली तरी ते सांगतं की ही नोंद आता जुळत नाही. तेव्हा बेसलाइन परत बनवायची, म्हणजे मोकळी झालेली जागा नवी चूक भरणार नाही.

फक्त फाइलीचं नाव किंवा फोल्डर बदललंत तर तिच्या सगळ्या जुन्या नोंदी जुळेनाशा होतात आणि इशारे नव्यासारखे वर येतात. घाबरू नका. त्या कमिटमध्ये फक्त नाव बदला, दुसरं काही नको, आणि लगेच बेसलाइन परत बनवा.

तारामुंबरी

सिस्टिम त्यांचीच निघाली. रिपोर्ट मिळाला. उशिराच्या बहुतेक पेट्या एकाच गाडीवाल्याकडच्या आहेत. त्याच्याशी बोलतो. आणि येत्या हंगामात फळ झाडावर पूर्ण होऊ देणार.